ऑपरेशनआधीचे स्कॅन रिपोर्ट: कसे जमवायचे, कसे वाचायचे आणि डॉक्टरांना काय विचारायचं

ज्यांना डॉक्टरांनी "आधी केमो, मग ऑपरेशन" असं सांगितलंय त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय. स्कॅन सेंटरवर मशीनपाशी आणि काउंटरवर बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे लोकं कुठे चुकतात ते रोज डोळ्यासमोर असायचं. पहिला स्कॅन जळगावला, दुसरा नाशिकला कारण तिकडे मेहुणा राहतो, तिसरा मुंबईला कारण तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि मग तिन्ही रिपोर्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, सीडी कोणाच्या तरी गाडीत. नवीन रिपोर्ट हातात पडला की शेवटच्या चार ओळींचा फोटो काढायचा, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा, तिथे कोणीतरी बी.एस्सी. झालेला पोरगा अर्थ सांगतो. मग "रेसिड्युअल" म्हणजे उरलेलं हा शब्द दिसला म्हणून घरात रडारड, नाहीतर "नो ऑब्विअस लीजन" म्हणजे ठळक गाठ दिसत नाही असं दिसलं म्हणून "गाठ गेली, आता ऑपरेशन कशाला करायचं". ही दुसरी चूक पहिलीपेक्षा फार महागात पडते.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. ऑपरेशनआधीचा स्कॅन रिपोर्ट एकटा वाचायचा नसतो. तो मागच्या रिपोर्टच्या शेजारी ठेवूनच वाचायचा. या स्कॅनकडून डॉक्टरांना दोनच उत्तरं हवी असतात: औषध लागू पडतंय का, आणि ऑपरेशन कधी आणि किती मोठं करायचं. "कॅन्सर पूर्ण गेला का" याचं उत्तर स्कॅन देऊ शकत नाही, ते ऑपरेशननंतर काढलेला भाग मायक्रोस्कोपखाली तपासल्यावर मिळतं.

उदाहरणं मी स्तनाच्या कॅन्सरची घेतोय, कारण त्यात केमो आधी द्यायची पद्धत खूप आहे. तोंड, अन्ननलिका, गुदाशय, अंडाशय यांचं शेवटाकडे थोडक्यात आहे. औषध आणि ऑपरेशनचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, हे वाचून औषधात काही बदल करू नका.

टप्पा १: पहिली केमो लागायच्या आधी बेसलाइन पक्की करा

बेसलाइन म्हणजे उपचार सुरू व्हायच्या आधीची स्थिती. नंतरचा प्रत्येक रिपोर्ट याच्याशीच ताडला जातो, म्हणून ही कच्ची राहिली की पुढचं सगळं अंदाजावर चालतं. केमो एकदा सुरू झाली की बेसलाइन परत मिळत नाही, ती वेळ गेली ती गेली.

पहिल्या सलाइनच्या आधी एवढं झालंय का ते बघा:

१. दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि सोनोग्राफी, काखेच्या सोनोग्राफीसकट. एका बाजूला गाठ असली तरी दोन्ही बाजू तपासलेल्या असाव्यात.

२. डॉक्टरांनी सांगितला असेल तर स्तनाचा एमआरआय. सगळ्यांना लागत नाही.

३. गाठ मोठी असेल किंवा काखेतही असेल तर बाकी शरीराचा तपास, म्हणजे छाती-पोटाचा सीटी आणि हाडांचा बोन स्कॅन, किंवा त्याऐवजी पेट-सीटी (शिरेतून औषध टोचतात आणि ते जिथे जास्त ओढलं जातं ती जागा चित्रात चमकते; पुढे नुसतं "पेट" म्हटलंय ते हेच). दोन्ही करायची सहसा गरज पडत नाही.

४. गाठीत क्लिप टाकलीय का. ही गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते म्हणून जरा सविस्तर सांगतो. तांदळाच्या दाण्यापेक्षाही बारीक धातूचा तुकडा सुईवाटे गाठीच्या मधोमध सोडतात. कशासाठी? केमोने गाठ पार विरघळली तर सर्जनला कळणार कसं की कुठला भाग काढायचा? ती क्लिपच तेव्हा खूण असते. स्तन वाचवून ऑपरेशन करायचा विचार असेल तर पहिल्या केमोच्या आधी, नाहीतर गाठ दिसतेय तोपर्यंत, "डॉक्टर, क्लिप टाकायची का?" हे स्वतःहून विचारा. काखेतल्या गाठीत बायोप्सीने (सुईने तुकडा काढून केलेल्या तपासणीत) कॅन्सर निघाला असेल तर तिथेही खूण करायची का तेही विचारा. टाकली असेल तर कुठे, कोणत्या तारखेला, ते लिहून ठेवा. पुढच्या एमआरआयला सेंटरवर ते सांगावं लागतं.

सावध: बायोप्सीनंतर आत थोडं रक्त साकळतं, सूज येते, त्यामुळे दोनचार दिवसांतच स्कॅन केला तर गाठ आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते. बायोप्सीची तारीख फॉर्मवर लिहाच.

टप्पा २: पुढचा स्कॅन कधी करायचा ते नीट ठरवा

साधारण रीत अशी की अर्ध्या केमो झाल्या की एकदा तपासायचं आणि सगळ्या संपल्यावर ऑपरेशनआधी परत. दर केमोला डॉक्टर हाताने तपासून माप घेतात तेवढं मधल्या काळात पुरतं. काही घरांत दर महिन्याला पेट करून घ्यायची घाई असते, "खात्री करून घेऊ" म्हणून. त्यात पैसा जातो, अंगात विनाकारण किरणं जातात, आणि दोन स्कॅनमध्ये फरक पडायला वेळच मिळालेला नसतो.

शेवटच्या केमोनंतर साधारण २ ते ३ आठवड्यांनी स्कॅन आणि बहुतेकदा ३ ते ६ आठवड्यांच्या दरम्यान ऑपरेशन, असा हिशोब असतो. शेण काढायला, पेरणीला, लग्नाला कोण जाणार हे बघत बघत ही तारीख दोन-दोन महिने पुढे ढकलली जाते, तसं करू नका. कापूस वेचणीचे दिवस असले तरी स्कॅन आणि ऑपरेशन दोन्हीची तारीख एकदमच घ्या.

रेडिएशन झालं असेल तर गणित वेगळं. शेकलेली जागा सुजलेली असते आणि पेटमध्ये सूजही चमकते, म्हणून थांबूनच स्कॅन करतात. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशननंतर पेटसाठी साधारण १२ आठवडे थांबायला सांगतात ते त्यामुळेच. आधी केला तर फुकटची भीती पदरात पडते.

तपासून घ्या: जमेल तिथे सगळे स्कॅन एकाच सेंटरला, एकाच प्रकारच्या मशीनवर करा. पहिला एमआरआय आणि दुसरी सोनोग्राफी असेल तर मापं सरळसरळ ताडता येत नाहीत. सेंटर बदलणं भागच असेल तर मागची सीडी आणि रिपोर्ट बरोबर न्या आणि मशीनवर झोपायच्या आधीच काउंटरवर द्या, "मागच्याशी कंपेअर करून लिहा" असं स्पष्ट सांगा. रिपोर्ट तयार झाल्यावर सीडी दिली तर डॉक्टरांना सगळं परत उघडून बसावं लागतं.

फुले योजनेत, म्हणजे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार चालू असतील तर हा स्कॅन योजनेत बसतो का आणि ऑपरेशनच्या मंजुरीला कोणते रिपोर्ट लागतील हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, आधीच विचारून ठेवा. ऐन वेळी एक कागद कमी म्हणून तारीख पुढे जाते.

टप्पा ३: स्कॅनच्या दिवसाची तयारी

बिघडलेले बरेच स्कॅन इथेच बिघडतात.

उपाशी म्हणजे काय ते आधी. पेट-सीटीला साधारण ६ तास पोटात काही नको. उपाशी म्हणजे एकादशी नाही! साबुदाणा नाही, केळं नाही, चहा नाही, बिनसाखरेचा दुधाचा चहाही नाही, बडीशेप नाही, लिमलेटच्या गोळ्या-चॉकलेट नाही, गुटखा-मिश्री तर नाहीच. साधं पाणी चालतं, उलट भरपूर प्या. चोपड्याहून, शिरपूरहून पहाटे निघालेली मंडळी रस्त्यात गाडी थांबली की पोहे खाऊन येतात आणि विचारलं की "उपाशीच आहे" म्हणतात. भीतीपोटी खोटं बोलू नका, खाल्लं असेल तर सांगा, दुसरी वेळ मिळते. चुकीचा स्कॅन झाला तर त्यावर चुकीचा निर्णय होतो.

शुगर असेल तर आदल्या दिवशीच सेंटरला फोन करा. बहुतेक ठिकाणी साखर २०० च्या आत लागते. पेटमध्ये टोचतात ते औषध साखरेच्याच जातीचं असतं, आपल्या रक्तातच साखर जास्त असली तर गाठ ते औषध कमी ओढते आणि स्कॅन खोटा चांगला दिसतो. दुसऱ्या बाजूला, साखर उतरवायला ऐन वेळी इन्सुलिन घेतलं तर औषध स्नायूंत जातं आणि चित्र पुसट होतं. मेटफॉर्मिनच्या गोळीने आतडी चमकतात म्हणून काही सेंटर ती आधी बंद करायला सांगतात. यातलं काहीही मनाने करायचं नाही, तुमचे शुगरचे डॉक्टर आणि सेंटर दोघांना विचारून.

आदल्या दिवशी अंगमेहनत नको. शेतातल्या बायांना हे कोणी सांगतच नाही. दिवसभर कापूस वेचला, केळीचे घड उचलले, पाण्याचे हंडे वाहिले की दुसऱ्या दिवशी खांदे-पाठीचे स्नायू पेटमध्ये चमकतात. एक दिवस आराम. आणि डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडच्या थंडीत पहाटे जाणार असाल तर स्वेटर, कानटोपी, शाल घालूनच जा. अंगाला थंडी वाजली की मानेजवळ, खांद्याजवळ एक प्रकारची चरबी असते ती चमकायला लागते आणि काखेच्या-मानेच्या गाठींचं निदान अवघड होऊन बसतं. औषध टोचल्यानंतर शांत पडून राहायचं, मोबाइलवर गप्पा नाहीत, काही चघळायचं नाही.

सीटी किंवा एमआरआयला शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसायचं औषध, देतात. त्याआधी किडनीची तपासणी म्हणजे क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट लागतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, एसटीने तीन तास येऊन पेशंट आधीच सुकलेला असतो, त्यात केमोच्या उलट्या झालेल्या, म्हणून आदल्या दिवसापासून पाणी-ताक वाढवा, आणि आधी कधी कॉन्ट्रास्टने अंगावर पित्त उठलं असेल, दम लागला असेल तर ते न विचारताही सांगा.

एमआरआयला मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना, सगळं घरी ठेवून या. जोडवी वर्षानुवर्षं निघालेली नसतात, ऐन वेळी साबण लावून ओढाताण होते. पेसमेकर, जुन्या ऑपरेशनमध्ये आत बसवलेली धातूची पट्टी, केमोचा पोर्ट (केमो द्यायला कातडीखाली बसवलेली डबी), क्लिप, हे सगळं फॉर्मवर लिहा. स्तनाच्या एमआरआयला साधारण अर्धा तास पालथं पडावं लागतं, हललं की चित्र बिघडतं.

फॉर्मवर आणखी चार तारखा लिहा: शेवटची केमो, शेवटची बायोप्सी, पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन, आणि गेल्या काही आठवड्यांत घेतलेली लस. पांढऱ्या पेशींच्या इंजेक्शनने सगळी हाडं एकसारखी चमकतात आणि अजाण माणूस म्हणतो "हाडात पसरला". लसीने त्या बाजूच्या काखेत गाठी सुजतात, म्हणून लस नेहमी कॅन्सर नसलेल्या बाजूच्या दंडात घ्या.

पेट झाल्यावर त्या दिवशी काही तास लहान लेकरं आणि गरोदर बाईपासून लांब बसा. औषधाचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, पाणी पीत राहा, लघवीला जात राहा. नातवंडाला उचलून घ्यायचं ते दुसऱ्या दिवशी.

टप्पा ४: रिपोर्ट हातात घेताना काउंटरवरच तपासा

घरी जाऊन नाही, तिथेच उभं राहून बघा.

नाव, वय, आयडी नंबर. आपल्याकडे एका सकाळी तीन-तीन पाटील, दोन-दोन महाजन स्कॅनला असतात, त्यात नावही सारखंच निघू शकतं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आयडी जुळवाच.

डावं की उजवं. सगळ्या पानांवर एकच बाजू लिहिलीय का? वर "लेफ्ट" आणि खाली इम्प्रेशनमध्ये, म्हणजे शेवटच्या निष्कर्षात, "राइट" असं टायपिंगमध्ये होऊ शकतं. सापडलं तर पेनाने खोडून घेऊ नका, सहीसकट सुधारित रिपोर्ट मागा.

"कंपेअर्ड विथ" किंवा "ॲज कंपेअर्ड टू प्रीव्हियस स्कॅन डेटेड" अशी ओळ आणि मागची तारीख आहे का? नसेल तर मागचा स्कॅन बहुधा पाहिलेलाच नाही. अशा वेळी विनंती करा, मागची सीडी द्या, बहुतेक ठिकाणी पुरवणी लिहून देतात.

सीडी, फिल्म आणि कागदी रिपोर्ट, तिन्ही घ्या. सीडी तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडून दाखवायला सांगा. मोबाइलवर लिंक दिली असेल तर ती काही दिवसांनी बंद पडू शकते, त्याच दिवशी डाउनलोड करा. आणि सीडी-फिल्म गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, आपल्या उन्हात सीडी वाकते आणि फिल्म एकमेकींना चिकटतात. खिडकीसमोर धरून काढलेला फिल्मचा फोटो कोणत्याच डॉक्टरच्या कामाचा नाही.

टप्पा ५: सगळी मापं एका कागदावर उतरवा

वहीचं एक पान आडवं धरा. डाव्या बाजूला: तारीख, कोणता स्कॅन, कुठे केला, कितवी केमो झाली होती, मुख्य गाठीचं माप, काखेतल्या गाठीचं माप, बाकी काही. एका स्कॅनला एक रकाना, जुना डावीकडे आणि नवीन उजवीकडे.

इथे एक साधी चूक माणसाला हादरवून टाकते. एक रिपोर्ट मिलिमीटरमध्ये असतो आणि दुसरा सेंटिमीटरमध्ये. "आधी २.४ होती आता १९ झाली" म्हणून लोकं घाबरून फोन करतात, आणि बघावं तर २.४ सेमी म्हणजे २४ मिमी, ती १९ मिमी झालेली असते. म्हणजे कमीच झाली. सगळं आधी मिमीमध्ये करून घ्या, सेमीला १० ने गुणा.

दुसरं, तीन मापं लिहिलेली असतात आणि त्यांचा क्रम दरवेळी सारखा असेलच असं नाही. पहिल्याशी पहिलं ताडू नका, तिन्हींतलं सगळ्यात मोठं माप घ्या आणि मोठ्याशी मोठं ताडा. काखेतल्या गाठीला मात्र उलट, तिथे आडवं म्हणजे छोटं माप धरतात, रिपोर्टमध्ये "शॉर्ट ॲक्सिस" लिहिलेलं असतं.

टप्पा ६: आकड्यांचा अर्थ लावा

समजायला एक नमुना घेऊ.

केमोच्या आधी: गाठ ४२ × ३० × २८ मिमी, काखेतली गाठ १८ मिमी.
चार केमोनंतर: गाठ २.४ × १.९ × १.६ सेमी, काखेतली ९ मिमी.

मिमीमध्ये केलं की मुख्य गाठ ४२ वरून २४. डॉक्टर मंडळी मोजायला रेसिस्ट नावाची पद्धत वापरतात, २००९ पासून तिची १.१ आवृत्ती चालू आहे. त्यात निवडलेल्या गाठींच्या मापांची बेरीज करतात. इथे आधी ४२ अधिक १८ म्हणजे ६०, आता २४ अधिक ९ म्हणजे ३३. साठातले सत्तावीस गेले, ४५ टक्के घट.

आता रिपोर्टमधले शब्द:

"पार्शल रिस्पॉन्स" म्हणजे बेरीज ३० टक्के किंवा जास्त कमी झाली. आपल्या नमुन्यात हेच आहे आणि ही चांगली बातमी आहे. "पार्शल" शब्द ऐकून लोकांचं तोंड उतरतं, "अर्धवटच लागू पडलं का?" असं वाटतं. तसं नाही.

"कम्प्लीट रिस्पॉन्स" म्हणजे स्कॅनमध्ये गाठ दिसेनाशी झाली.

"प्रोग्रेसिव्ह डिसीज" म्हणजे सगळ्यात कमी आलेल्या बेरजेपेक्षा २० टक्के किंवा जास्त वाढ, आणि ती वाढ किमान ५ मिमीची, किंवा नवीन ठिकाणी नवीन गाठ.

"स्टेबल डिसीज" म्हणजे मधलं काहीही. २५ टक्के कमी झाली तरी कागदावर स्टेबलच लिहितात.

टक्केवारी एका रेषेची असते, गाठ मात्र गोळा असते. वरच्या नमुन्यात तिन्ही मापं गुणून बघा, आधीचा गुणाकार ३५,२८० आणि आत्ताचा ७,२९६, म्हणजे आकारमान जवळपास पाचवा हिस्सा उरलंय. कागदावर ४५ टक्के, प्रत्यक्षात बरंच जास्त. "गाठ कमी व्हयनी का?" असं माय विचारत असेल तर तिला हा गुणाकार दाखवा.

दोन-तीन मिमीच्या फरकावर ना आनंद ना दुःख. त्याच दिवशी त्याच पेशंटला दुसऱ्या डॉक्टरने मोजलं तरी एवढा फरक येतो, सोनोग्राफीत तर हात कोणाचा त्यावर असतं.

आणखी एक. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये गाठीचा प्रकार लिहिलेला असतो. हार्मोन पॉझिटिव्ह गाठी केमोने सहसा हळू आणि कमी आकसतात, ट्रिपल निगेटिव्ह आणि हर-टू पॉझिटिव्ह गाठी पूर्ण विरघळायचा संभव जास्त. म्हणून शेजारच्या बाईची गाठ तीन केमोत गेली आणि आपली नाही यावरून औषध चुकलं असं ठरवू नका. बायोप्सीचा रिपोर्ट काढून दोघींचा प्रकार एकच होता का ते आधी बघा.

सावध: गाठ नेहमी सगळीकडून सारखी आकसत नाही. कधी मधूनमधून विरते आणि बारीक बारीक बेटं मागे राहतात. स्कॅनला ही बेटं दिसत नाहीत. "कम्प्लीट रिस्पॉन्स" लिहिलेलं असूनही ऑपरेशननंतर पेशी सापडतात, आणि उलटही होतं, स्कॅनला गाठीची जागा दिसते आणि तपासल्यावर तिथे नुसता व्रण निघतो. म्हणून हात जोडून सांगतो, स्कॅन कितीही चांगला आला तरी ठरलेलं ऑपरेशन स्वतःच्या मनाने रद्द करू नका. गाठ हाताला लागत नाही म्हणून घरी थांबलेली आणि काही महिन्यांनी जास्त वाढलेलं दुखणं घेऊन परत आलेली माणसं बघितली आहेत, तेव्हा सोपं ऑपरेशन अवघड झालेलं असतं.

मॅमोग्राफीतले कॅल्शियमचे ठिपके केमोनंतरही तसेच राहू शकतात, पेशी मेल्या तरी. त्यांना घाबरायचं नाही, पण ते काढायचे का हे सर्जनला विचारायचं.

टप्पा ७: पेटचा आकडा, म्हणजे एसयूव्ही

गाठीने औषध किती ओढलं त्याचा हा आकडा. ११ चा ४ झाला तर गाठीची भूक मंदावली असं समजा. पण हा आकडा साखर, वजन, टोचल्यानंतर किती वेळाने स्कॅन केला, मशीन कोणतं, या सगळ्याने हलतो. दोन वेगळ्या सेंटरचे एसयूव्ही दशांशापर्यंत ताडत बसू नका. रिपोर्टवर त्या दिवशीची साखर लिहिलेली असते, दोन्ही स्कॅनची बघा.

मेंदू, किडनी, लघवीची पिशवी नेहमीच चमकतात, हृदयही बऱ्याचदा. आणि आपल्या भागात टीबी आहे, टीबीच्या गाठी कॅन्सरसारख्याच चमकतात, कधी जास्तच. छातीच्या मधल्या गाठी किंवा फुफ्फुसातला डाग नव्याने चमकला तर तिथली बायोप्सी करू का असा प्रश्न डॉक्टरांना विचारा, त्याआधी "पसरला" हा शब्द घरात उच्चारू नका. पेशंटला किंवा घरात कोणाला टीबी होऊन गेला असेल तर ते फॉर्मवर लिहा, लाजू नका.

टप्पा ८: घाबरवणारे पण बहुतेकदा निरुपद्रवी शब्द

"रेसिड्युअल" म्हणजे उरलेलं. केमो चालू असताना काहीतरी उरलेलं असणारच.

"नेक्रोसिस" म्हणजे गाठीचा आतला भाग मेलेला. केमो सुरू झाल्यावर नव्याने आलं असेल तर बहुधा औषधाचाच परिणाम.

"सबसेंटिमेट्रिक नोड्यूल, इनडिटरमिनेट" म्हणजे १० मिमीपेक्षा लहान काहीतरी आहे आणि आत्ता नाव देता येत नाही. जुन्या टीबीचे, धुराचे, इन्फेक्शनचे बारीक डाग असे लिहिले जातात. पुढच्या स्कॅनला ते वाढलेत का एवढंच बघायचं.

"सिंपल सिस्ट", "हिमँजिओमा", "फॅटी लिव्हर" हे लिव्हरबद्दल वारंवार येतं, यातलं कुठलंही कॅन्सर नाही. फॅटी लिव्हर केमोनेही वाढतं.

"स्क्लेरोटिक" हाडाबद्दल असतं. आधीच्या रोगाच्या जागी हाड भरून येतानाही ते जास्त पांढरं दिसतं आणि बोन स्कॅनला जास्त चमकतं. हे डॉक्टरांशी नीट बोलूनच समजून घ्या.

"बायरॅड्स ६" बघून दचकू नका. बायरॅड्स म्हणजे स्तनाच्या स्कॅनला रिपोर्टमध्ये देतात तो क्रमांक. सहा म्हणजे बायोप्सीने आधीच सिद्ध झालेला कॅन्सर, एवढंच. नवीन काही सांगितलेलं नाही.

"क्लिनिकल कोरिलेशन" म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी पेशंटला तपासून याच्याशी जुळवून बघावं.

इतर कॅन्सर, थोडक्यात

गुदाशय: केमो-रेडिएशननंतर पेल्व्हिसचा म्हणजे ओटीपोटाचा एमआरआय महत्त्वाचा. त्यात "सीआरएम" शोधा, म्हणजे गाठ आणि ऑपरेशनची कड यातलं अंतर. १ मिमी किंवा कमी असेल तर कड धोक्यात असं धरतात. "टीआरजी", म्हणजे उपचाराने गाठ किती विरली त्याचा आकडा, १ ते ५ असतो आणि एमआरआयमध्ये १ सगळ्यात चांगला. पण ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजीत काही पद्धतींचे आकडे उलटे चालतात, म्हणून "यात चांगला आकडा कोणता?" हे विचाराच.

अन्ननलिका: रेडिएशनची सूज पेटला चमकते, त्यामुळे नळी "जाड" दिसली म्हणजे गाठ आहेच असं नाही. घास खाली उतरतो का, वजन किती, हेही स्कॅनएवढंच सांगा.

अंडाशय: बहुतेकदा ३ केमोनंतर सीटी आणि सीए-१२५ ही रक्ताची तपासणी बघून, केमोच्या मधेच करायचं ऑपरेशन ठरतं. पोटातलं पाणी कमी झालं का ते रिपोर्टमध्ये बघा.

तोंड: तंबाखू-गुटख्याचा हा आजार आपल्याकडे घराघरात दिसतो. यात बहुतेकदा ऑपरेशनच आधी असतं. आधी केमो सांगितली असेल तर गाठ ऑपरेशनजोगी करायला सांगितलेली असते, म्हणून स्कॅनमध्ये जबडा, गालाची कातडी आणि मानेच्या गाठी या तिन्हींची तुलना मागा. आणि तंबाखू त्या दिवसापासून बंद.

टप्पा ९: डॉक्टरांसमोर बसताना

फाइल अशी लावा: सगळ्यात वर तुमचं मापांचं पान, खाली बायोप्सी, मग बेसलाइनपासून आत्तापर्यंतचे रिपोर्ट तारखेने, शेवटी सीड्या, प्रत्येकीवर तारीख. परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचं असो की छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलला, भुसावळहून रात्रीच्या गाडीला बसायच्या आधी ही फाइल पिशवीत आहे का ते बघा. बरोबर दोन माणसं असावीत, एक बोलायला आणि एक लिहायला.

विचारायचे प्रश्न:

१. बेसलाइनशी ताडलं तर किती फरक पडला? हाताने तपासल्यावरही तसंच वाटतंय का?
२. ठरलेल्या केमो पूर्ण करायच्या, बदलायच्या, की आधीच ऑपरेशन करायचं?
३. काखेतल्या गाठींचं काय ठरलं, सगळ्या काढणार की मोजक्या तपासणार?
४. स्तन वाचेल का? क्लिप स्कॅनमध्ये दिसतेय का?
५. रिपोर्टमधल्या या शब्दाचा आमच्या पेशंटसाठी अर्थ काय? इथे बोटाने ओळ दाखवा.
६. ऑपरेशनआधी आणखी कोणता स्कॅन लागणार?

गाठ वाढलेली निघाली तर तिथेच विचारा की औषध बदलणार का, ऑपरेशन लवकर घेणार का. दोन्ही रस्ते असतात. अशा वेळी लोकं डॉक्टर सोडून जडीबुटीवाल्याकडे जातात आणि जे आठवडे हातात असतात ते घालवतात. दुसऱ्या कॅन्सर डॉक्टरचं मत घ्यायचं तर जरूर घ्या, हीच फाइल घेऊन जा, पण चालू उपचार थांबवून नाही.

पेशंटला किती सांगायचं हा घरातला प्रश्न असतो. मला विचाराल तर तिला विचारून ठरवा. बाहेर कुजबूज आणि आत तिला काहीच माहीत नाही, अशा वेळी ती आणखीच घाबरते.

ऑपरेशन झाल्यावर जो पॅथॉलॉजी रिपोर्ट येतो त्यात "वायपीटी" (मुख्य गाठीबद्दल), "वायपीएन" (काखेतल्या गाठींबद्दल) अशी अक्षरं असतात, "वाय" म्हणजे आधी उपचार होऊन गेल्यानंतरची स्थिती. तो रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा, पण खालचे जुने कागद "आता काय कामाचे" म्हणून काढून टाकू नका. रेडिएशन किती भागाला द्यायचं हे ठरवताना डॉक्टर केमोच्या आधी रोग कुठपर्यंत होता तेही बघतात, आणि ते फक्त बेसलाइनच्या रिपोर्टमध्ये आणि त्या पहिल्या सीडीतच असतं.